कॅनडाच्या पीआरसाठी इंग्रजीची परीक्षा: कोणती द्यायची, कधी द्यायची, किती गुण आणायचे

"माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियमला झालंय, मला कशाला परीक्षा?" पुण्याहून, नाशिकहून कुणाचा तरी भाचा किंवा कुणाची तरी नणंद फोन करते आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. उत्तर सरळ आहे. एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कॅनडा सरकारच्या गुणांवर चालणाऱ्या निवडपद्धतीतून, कॅनडाचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) हवा असेल तर परीक्षा द्यावीच लागते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलात, टोरंटोतच मास्टर्स केलंत, रोज आठ तास इंग्रजीत मीटिंग घेता, तरीही सूट नाही. कॉलेजचं पत्र, ऑफिसचं पत्र यातलं काही चालत नाही. मान्य परीक्षेचं निकालपत्र लागतं.

मी स्वतः आयेल्ट्स ही परीक्षा दोनदा दिली. पहिल्या वेळी एका सल्लागाराने मला सांगितलं होतं, "चारही भागांत सहा-सहा आणा, बास." मी त्यावर विश्वास ठेवला. रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगमध्ये सात किंवा वर आले, लिसनिंगला साडेसात. घरी पेढे वाटले. मग सीआरएसचे, म्हणजे ज्यांवर पीआरसाठी उमेदवारांचा क्रम लागतो ते गुण मोजायला बसले तेव्हा कळलं की लिसनिंगमध्ये कमी पडलेल्या अर्ध्या बँडने (आयेल्ट्सच्या गुणांना बँड म्हणतात) माझे पन्नासहून जास्त गुण नेले होते. ते कसे, हे आधी सांगते, कारण बाकीची सगळी तयारी या एका हिशेबावर उभी आहे.

पहिली पायरी: आपला आकडा ठरवा

कॅनडा सरकार परीक्षेचे गुण थेट वापरत नाही, ते आधी सीएलबी नावाच्या पातळीत बदलतं. प्रत्येक भागाची पातळी वेगळी निघते, सरासरी काढत नाहीत. आयेल्ट्सच्या निकालपत्रावर खाली जो ओव्हरऑल बँड असतो, त्याला इथे किंमत नाही. नातेवाईक तोच विचारतात, तुम्ही त्याच्याकडे बघू नका.

आयेल्ट्सच्या भाषेत सीएलबी ७ म्हणजे चारही भागांत ६.०. सीएलबी ८ म्हणजे लिसनिंग ७.५ आणि बाकी तिन्ही ६.५. सीएलबी ९ म्हणजे लिसनिंग ८.० आणि बाकी तिन्ही ७.०. सीएलबी १० साठी लिसनिंग ८.५, रीडिंग ८.०, रायटिंग आणि स्पीकिंग ७.५.

फेडरल स्किल्ड वर्कर या मार्गाने अर्ज करायचा तर किमान सीएलबी ७ लागतं, तेही चारही भागांत. कॅनडात काम करून कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमधून जाणाऱ्यांना नोकरी टीअर (कॅनडा सरकारने ठरवलेली नोकऱ्यांची श्रेणी) ० किंवा १ मधली असेल तर सीएलबी ७, टीअर २ किंवा ३ मधली असेल तर सीएलबी ५. सल्लागाराचं "सहा-सहा" इथून आलं होतं. त्यात चूक काही नव्हती, पण तो फक्त दारातून आत येण्याचा आकडा होता. आत आल्यावर रांग लागते सीआरएसच्या गुणांनी. सरकार वेळोवेळी फेरी काढतं आणि कटऑफच्या वर असलेल्यांना पीआरचा अर्ज भरायचं इन्व्हिटेशन देतं, आणि २०२५ मध्ये कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासच्या फेऱ्यांचा कटऑफ पाचशेच्या वरच राहिला. किमान पात्रतेवर तिथे निभाव लागत नाही.

आता हिशेब बघा. समजा एक मुलगी आहे, अविवाहित, मास्टर्स झालेली, भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव. रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग प्रत्येकी ७.०, लिसनिंग ७.५. सीएलबी ९ ला प्रत्येक भागाचे ३१ गुण, सीएलबी ८ ला २३. म्हणजे लिसनिंगमध्ये गेले ८. पण शिक्षण आणि इंग्रजी मिळून जे जादा गुण मिळतात, ते चारही भागांत सीएलबी ९ असेल तर ५०, एकाही भागात त्याखाली गेलात तर २५. अनुभव आणि इंग्रजी मिळूनही तसंच, ५० चे २५. एकूण गेले ५८. अर्ध्या बँडला अठ्ठावन्न गुण! मास्टर्सऐवजी एकच पदवी असेल तरी तोटा ४५ चा आहे. आणि तिशीत दर वाढदिवसाला वयाचे पाच-सहा गुण कमी होतात, म्हणजे "पुढच्या वर्षी बघू" म्हणण्याचीही किंमत मोजावी लागते.

म्हणून लक्ष्य चारही भागांत सीएलबी ९ ठेवा. तुमचा सर्वात कमजोर भाग कोणता, याच प्रश्नावर सगळा वेळ खर्च करायचा आहे. ज्यात आधीच आठ येतात त्यात नऊ आणण्यात काही हशील नाही.

नवरा-बायको दोघं जाणार असाल तर आणखी एक काम करा. मुख्य अर्जदार कोण, हे घरात गृहीत धरू नका. एकदा नवऱ्याला मुख्य धरून आणि एकदा बायकोला धरून गुण मोजा. जोडीदाराने परीक्षा देणं सक्तीचं नाही, पण त्याच्या इंग्रजीचे २० पर्यंत गुण जोडले जातात.

दुसरी पायरी: परीक्षा निवडा

इंग्रजीसाठी तीन परीक्षा चालतात: आयेल्ट्स जनरल ट्रेनिंग, सेल्पिप जनरल आणि ३० जानेवारी २०२४ पासून पीटीई कोअर. नावातला दुसरा शब्द नीट वाचा. आयेल्ट्स अॅकॅडेमिक चालत नाही. पीटीई अॅकॅडेमिक चालत नाही. विद्यापीठात प्रवेशासाठी दिलेली परीक्षा पीआरला लावता येईल असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि एक्सप्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल भरायला बसल्यावर अडकतात. घरी बसून ऑनलाइन दिलेली परीक्षाही चालत नाही, केंद्रावर जावं लागतं.

माझं मत विचाराल तर, भारतातून देणाऱ्याने आधी आयेल्ट्सचा विचार करावा. केंद्रं पुष्कळ, सरावाचं साहित्य भरपूर, आणि बोलण्याची परीक्षा माणूस घेतो. समोर माणूस असला की आपली गाडी रुळावर येते. पीटीई कोअर दोन तासांत संपते, सगळं संगणकावर, तपासणीही बहुतेक संगणकाचीच. टायपिंग झपाट्याने होत असेल आणि मायक्रोफोनशी बोलायला अवघडत नसेल तर ती बरी. मात्र तिच्यात सीएलबी ९ साठी रायटिंगमध्ये ९० पैकी ८८ लागतात, हे आधी माहीत असू द्या. सेल्पिप ही कॅनडाचीच परीक्षा, उच्चार कॅनडाचे, विषय रोजच्या जगण्यातले: शेजाऱ्याला ईमेल, दुकानात तक्रार. तिचा हिशेब सर्वात सोपा, कारण सेल्पिपचा ९ म्हणजे सीएलबी ९. कॅनडात वर्ष-दोन वर्षं राहिलेल्यांना ती सोपी जाते, कारण कान तयार झालेले असतात.

कॅनडात शिकत असलेल्यांसाठी एक गोष्ट. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणानंतरच्या वर्क परमिटलाही भाषेचा पुरावा लागतो, विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी ७ आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमाला सीएलबी ५. त्या निमित्ताने परीक्षा देणारच आहात तर सातवर समाधान मानू नका. त्याच फीमध्ये पीआरचं काम होऊ शकतं.

तिसरी पायरी: पासपोर्ट काढून समोर ठेवा

नोंदणी पासपोर्टवरच्या नावाने होते आणि परीक्षेच्या दिवशी तोच मूळ पासपोर्ट लागतो. भारतात आयेल्ट्ससाठी आधार कार्ड चालत नाही. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. कुणाच्या पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाला जोडून आलेलं असतं, कुणाच्या नाही. पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, फॉर्ममध्ये भरा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पासपोर्टवर माहेरचंच राहिलं, असं अनेकींचं असतं. पासपोर्ट बदलायचा विचार असेल तर आधी तो बदला, मग परीक्षेची तारीख घ्या. पदवीची कागदपत्रं एका नावाची, निकालपत्र दुसऱ्या नावाचं, असं झालं की पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

फी सतरा-अठरा हजारांच्या आसपास जाते. म्हणून तारीख घेण्याआधी घरी एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्या. मध्ये चहा नको, फोन नको. ते गुण आले की किती आठवडे लागतील याचा अंदाज येईल. चारही भागांत साडेसहाच्या आसपास असाल तर रोज दीड तास देऊन सहा ते आठ आठवडे धरा. पाच-साडेपाच असाल तर तारीख घेण्याची घाई करू नका, आधी इंग्रजीवरच काम करा.

चौथी पायरी: तयारी

लिसनिंगवर मी सर्वात जास्त बोलणार, कारण आठ आणायचे असतात ते इथेच आणि घसरायला होतं तेही इथेच. ४० प्रश्न असतात. साधारण ३५ बरोबर आले की ८.०. म्हणजे पाच चुका माफ. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. स्पेलिंग चुकलं की गुण शून्य, उत्तर कितीही बरोबर ऐकलेलं असो. "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन लिहिले तरी शून्य.

पहिला भाग फोनवरच्या संभाषणासारखा असतो आणि तो सोपा वाटतो म्हणून घात करतो. माणूस सांगतो, "इट्स फिफ्टीन पाउंड्स," आपण १५ लिहून मोकळे होतो, आणि पुढच्याच श्वासात तो म्हणतो, "नो, सॉरी, फिफ्टी." बोलणारा स्वतःला दुरुस्त करतो, ती दुरुस्तीच उत्तर असते. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांतला फरक आघातात आहे, शेवटच्या न मध्ये नाही. थर्टीनमध्ये जोर शेवटी, थर्टीमध्ये सुरुवातीला. मराठीत आपण असा जोर देत नाही, म्हणून कानाला तो सांगून शिकवावा लागतो. आडनावाचं स्पेलिंग सांगतात तेव्हा "डबल एल", "ए" आणि "ई", "जी" आणि "जे" यांचा गोंधळ होतो. मी घरी बहिणीला रोज दहा आडनावं आणि दहा फोन नंबर वेगात वाचायला लावायचे आणि ते लिहून घ्यायचे. तीन आठवड्यांत हात बसला.

चौथा भाग म्हणजे सलग व्याख्यान, मध्ये उसंत नाही. एखादं उत्तर निसटलं तर सोडा, पुढच्या प्रश्नावर डोळे न्या. मी पहिल्या वेळी एका निसटलेल्या शब्दामागे रेंगाळले आणि पुढची तीन उत्तरं हातची गेली. पाच चुकांच्या मुभेतल्या चार तिथेच संपल्या. कान तयार करायला कॅनडाचा सीबीसी रेडिओ आणि बीबीसीचे बातम्यांचे कार्यक्रम रोज अर्धा तास ऐका, पण भांडी घासताना कानावर पडू देणं आणि ऐकणं वेगळं. पाच मिनिटांचा तुकडा ऐकून त्यातले आकडे, नावं, कारणं लिहून काढायची, मग पुन्हा ऐकून तपासायची.

रीडिंगला जनरल ट्रेनिंगमध्ये ७.० साठी ४० पैकी साधारण ३४ बरोबर लागतात. उतारे सोपे असतात म्हणून अपेक्षा जास्त. सुरुवातीला जाहिराती, सूचना, मग नोकरीशी संबंधित मजकूर आणि शेवटी एक लांब लेख. एका तासातली शेवटची पंचवीस मिनिटं त्या लेखासाठी राखून ठेवा. "ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन" या प्रश्नांत आपण डोकं जास्त चालवतो. मजकुरात लिहिलंय, "दुकान सोमवारी बंद असतं." प्रश्न आहे, "दुकान रविवारी उघडं असतं." आपण म्हणतो, असणारच. पण तसं लिहिलेलं नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. मजकुरात उलट सांगितलं असेल तरच फॉल्स.

रायटिंगमध्ये एक पत्र किमान १५० शब्दांचं, एक निबंध किमान २५० शब्दांचा, मिळून एक तास. निबंधाला दुप्पट वजन आहे, म्हणून पत्र वीस मिनिटांत आटपा. पत्राच्या बाबतीत आपल्याला शाळेतलं पत्रलेखन उपयोगी पडतं. "तीर्थरूप बाबांस" आणि "माननीय महोदय" यांतला फरक आपल्या अंगात भिनलेला आहे. इथेही मित्राला, घरमालकाला आणि अनोळखी अधिकाऱ्याला लिहिण्याचा सूर वेगवेगळा लागतो. मायन्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत तो एकच राहिला पाहिजे. पत्रात तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही आले पाहिजेत. दोन छान खुलवले आणि तिसरा राहिला तर गुण जातात.

निबंधासाठी पाठ केलेली सुरुवात वापरू नका. क्लासमध्ये एकच साचा पन्नास जणांना देतात आणि परीक्षकाला तो पहिल्या ओळीत ओळखू येतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या, आपलं मत सुरुवातीलाच मांडा, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याला एक खरं उदाहरण. संगणकावर परीक्षा दिलीत तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते, खाडाखोड सोपी होते, मात्र स्पेलिंग तपासणारं काही नसतं.

आपली मराठी मंडळी जिथे हमखास अडकतात त्या जागा अशा: मराठीत "अ", "अॅन", "द" नाहीत, म्हणून इंग्रजीत ते गळतात. लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटं फक्त त्यासाठी ठेवा. प्रत्येक नामावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, याच्या आधी काही हवं का? दुसरं, आपला "च". "मी तिथेच राहतो" याचं आपण "आय अॅम स्टेइंग देअर ओन्ली" करतो. "मला दोन भाऊ आहेत" याचं "आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स". ऑफिसात सगळे असंच बोलतात म्हणून खटकत नाही, परीक्षकाला खटकतं. "आय हॅव टू ब्रदर्स" एवढंच पुरे.

स्पीकिंग अकरा ते चौदा मिनिटांचं. उच्चाराची भीती काढून टाका. मराठी ढंगाचं इंग्रजी चालतं, समजलं पाहिजे एवढीच अट. अमेरिकन बनायला गेलं की बोलणं अडखळतं. मधल्या भागात एक कार्ड मिळतं, एक मिनिट विचार करायला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. विषय येतो "तुमच्या घरातला एखादा सण". गणपतीची आरास आठवा: कोणत्या रात्री जागलात, थर्माकोलवर बंदी आल्यावर कशाचं मखर केलं, आजीने काय म्हटलं. बारीक तपशील हाताशी असले की शब्द आपोआप येतात. रोज एक विषय घेऊन दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा आणि ते ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं पहिले चार दिवस नकोसं होतं, पण "अ‍ॅक्चुअली" आणि "बेसिकली" किती वेळा येतं ते तिथेच कळतं.

पाचवी पायरी: निकाल आल्यावर

चारही भागांचे गुण एकाच निकालपत्रावरचे लागतात. मार्चचं रायटिंग आणि जूनचं लिसनिंग असं एकत्र करता येत नाही. एखाद्या भागात अर्ध्या बँडने हुकलात आणि खात्री असेल की पेपर चांगला गेला होता, तर फेरतपासणी मागता येते. आयेल्ट्समध्ये परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करायचा, गुण वाढले तर ती फी परत मिळते. रायटिंग आणि स्पीकिंगसाठी तिचा विचार करा. लिसनिंग, रीडिंगची उत्तरं ठरलेली असतात, तिथे गुण हलण्याची आशा कमी.

निकाल दोन वर्षं चालतो, पण ही दोन वर्षं फसवी आहेत. प्रोफाइल भरताना निकाल चालू असणं पुरेसं नाही, इन्व्हिटेशन आल्यावर पीआरचा अर्ज भरता त्या दिवशीही तो चालू लागतो. समजा निकाल १० मार्च २०२४ चा आहे आणि इन्व्हिटेशन २० फेब्रुवारी २०२६ ला आलं. अर्जाला साठ दिवस मिळतात, म्हणजे एप्रिलपर्यंत. पण तुमच्या हातात खरे अठराच दिवस आहेत, कारण १० मार्चला निकाल संपतो. निकालाला दीड वर्ष झालं आणि अजून इन्व्हिटेशन नाही, तर पुन्हा परीक्षेची तारीख घेऊन ठेवा.

इंग्रजीत सीएलबी ९ गाठून झालं आणि तरीही गुण कमी पडत असतील, तर फ्रेंचचा विचार करा. फ्रेंचच्या चारही भागांत पातळी ७ आणि इंग्रजीत किमान ५ असेल तर ५० जादा गुण मिळतात, शिवाय फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात आणि त्यांचा कटऑफ खाली असतो. मुंबई-पुण्यात अलियाँस फ्राँसेझचे वर्ग आहेत. पण शून्यातून त्या पातळीला पोचायला भरपूर महिने द्यावे लागतात, त्यामुळे हा मार्ग इंग्रजीच्या ऐवजी धरू नका, इंग्रजी उरकल्यावर धरा.

आणि निकालपत्राची प्रत सांभाळून ठेवा. पीआर झाल्यावर काही वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज कराल तेव्हा १८ ते ५४ वयाच्या अर्जदारांना बोलण्या-ऐकण्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तिथे मुदत संपलेला निकालही चालतो. माझं ते साडेसातचं जुनं निकालपत्रसुद्धा फाइलमध्ये आहे, दुसऱ्या वेळच्या साडेआठच्या मागे लावलेलं.